कुमारवयीन मुलगा आणि त्याचे मौन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांचा मी विद्यार्थी. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि शिस्तीविषयी ह्या व्यासपीठावरून अधिकारी वक्त्यांनी पूर्वीच सांगितले आहे. मी आज त्यांच्या एका लहानशा कृतीतून सुचलेला विषय आपल्यापुढे ठेवणार आहे. बारा ते अठरा वर्षे वयाच्या मुलाकडून आपण कणखरपणाची अपेक्षा करतो. ती करताना त्याच्या मनातील दुःख, भय आणि माया बोलून दाखवण्याची वाट आपण कशी बंद करतो, आणि त्याचे परिणाम काय होतात, ह्याचा हा विचार आहे. कणखरपणा नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. कणखरपणा आणि मुकेपणा ह्यांची आपण गल्लत करीत आलो आहोत, एवढेच मला सांगावयाचे आहे.

एका स्वानुभवापासून आरंभ करतो. विषयच तसा असल्यामुळे श्रोत्यांनी क्षमा करावी. मी नववीत असताना माझे वडील गेले. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. निपाणीजवळच्या आमच्या गावात त्या दिवशी पावसाची झड लागली होती. मी थोरला मुलगा, म्हणून मडके माझ्या हाती आले. स्मशानाच्या वाटेवर माझे ओठ थरथरू लागले, तेव्हा चुलत्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "आता घरचा कर्ता तू. गड्यानं रडायचं नसतंय." मी रडलो नाही. तेराव्यापर्यंत येणारा-जाणारा प्रत्येक जण "पोरगं घट्ट आहे" असे म्हणून माझी पाठ थोपटून गेला. त्या कौतुकाचा मला अभिमान वाटला, हेही कबूल केले पाहिजे. पुढे महिन्याभराने वर्गातील एका मुलाच्या हातून माझी दौत सांडली, आणि मी त्याला रक्त येईपर्यंत मारले. एका दौतीसाठी मी इतका का पेटलो, हे मला तेव्हा सांगता आले नसते. गुरुजींनी मग काय केले, ते शेवटी सांगतो.

चुलत्यांचा तो 'कर्ता' हा शब्द पुढे व्याकरण शिकवताना मला अनेकदा आठवला. कुटुंबाचा कर्ता म्हणजे सगळा भार उचलणारा. वाक्याचा कर्ता म्हणजे क्रिया करणारा. आता 'मला रडू आले' हे साधे वाक्य घ्या. येथे क्रियापद 'रडू' ह्या शब्दाप्रमाणे चालते: राग आला, दया आली, रडू आले. ज्याला रडू येते, तो 'मला' ह्या रूपाने एका बाजूस उभा असतो. अशा वाक्यातील खरा कर्ता कोणता, ह्याविषयी व्याकरणकारांत मतभेद आहेत. पण सामान्य बोलणाऱ्याची जाण स्पष्ट आहे. रडू ही माणसाने ठरवून करावयाची गोष्ट नव्हे. ताप यावा, झोप यावी, तसे ते त्याला येते. आपल्या शेजारच्या कन्नडचीही रचना अगदी अशीच आहे. 'ननगे अळु बरुत्तदे' म्हणजे शब्दशः 'मला रडू येते', आणि 'ननगे सिट्टु बरुत्तदे' म्हणजे 'मला राग येतो'. एक भाषा आर्य कुळातली, दुसरी द्राविड कुळातली. तरी माणसाच्या मनाविषयी दोघींनी एकच गोष्ट ओळखली आहे. आणि मुलाला दटावताना मराठी घर म्हणते 'रडू नकोस', कन्नड घर म्हणते 'अळबेड'. सीमाभागात निदान ह्या एका बाबतीत तरी दोन्ही भाषांचे संपूर्ण एकमत आहे!

येथे एक फरक लक्षात घ्यावा. रागही येतोच, पण मुलाला राग आला, तर त्याचे कुणास फारसे वावगे वाटत नाही. 'तापट आहे, बापावर गेलाय' असे काहीशा कौतुकानेच म्हटले जाते. रडू आले, तर मात्र तो साऱ्या घराण्याचा कमीपणा ठरतो.

मराठीत भावनेसाठी शब्दांची वाण नाही. गळा दाटतो, ऊर भरून येतो, डोळे पाणावतात, पोटात कालवते, आतडे तुटते, काळजात चर्र होते, जीव कासावीस होतो. ह्या वाक्प्रचारांत बाई आणि पुरुष असा भेद कोठेही नाही. ऊर आणि आतडे सर्वांनाच असते. भेद येतो तो टोमण्यांत. 'बायकांसारखा रडतोस काय', 'हातांत बांगड्या भर', 'रडतराऊत कुठला' ही बोलणी मुलांच्या वाट्याला येतात. ह्या टोमण्यांनी मुलगा दोन धडे एकदम शिकतो. रडणे लाजिरवाणे आहे हा एक, आणि बाई ही कमी प्रतीची आहे हा दुसरा. ज्या घरात बांगड्या हे आईचे सौभाग्यलेणे मानले जाते, त्याच घरात त्या मुलाच्या अपमानाचे साधन होतात.

हे शिक्षण टप्प्याटप्प्याने होते. पाच वर्षांचा मुलगा पडला, तर आपण त्याला उचलून घेतो. दहाव्या-अकराव्या वर्षी 'आता तू मोठा झालास' हे सुरू होते. चौदाव्या वर्षी वडीलधाऱ्यांनी काही सांगण्याची गरजच उरत नाही. सोबतचे मुलगेच एकमेकांवर पहारा ठेवतात. न्यूयॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ निओबी वे ह्यांनी कुमारवयीन मुलांच्या दीर्घ मुलाखती घेऊन २०११ साली 'डीप सीक्रेट्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. चौदा-पंधरा वर्षांचे मुलगे आपल्या जिवलग मित्राविषयी मोकळेपणाने, अगदी मायेने बोलतात. तेच मुलगे सतरा-अठराव्या वर्षी त्याविषयी बोलणे टाळू लागतात, आणि मैत्रीची ओढ मात्र आत तशीच राहते, असे त्यांना आढळले. मुले ती अमेरिकेतील होती; परंतु आपल्या बसस्थानकावरील किंवा मैदानावरील मुलांचे बोलणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

'पुरुषाने रडू नये, ही आपली परंपरा आहे', असे पुष्कळदा सांगितले जाते. वाङ्मयाचा अभ्यासक म्हणून मला ते मान्य होत नाही. आपल्या शास्त्रकारांनी अष्टसात्त्विक भाव सांगितले, त्यांत रोमांच आणि कंप ह्यांच्याबरोबर अश्रूंनाही स्थान दिले. भवभूतीच्या नाटकातील राम सीतेसाठी शोक करतो आणि त्यामुळे त्याच्या राजेपणास उणेपणा येत नाही. १२९६ साली आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवांचे अभंग वाचावेत. गुरू आणि थोरला भाऊ असे दुहेरी नाते असलेल्या निवृत्तिनाथांचा धीर त्या वेळी कसा सुटला, हे नामदेवांनी लपवले नाही. आजही कीर्तनात गहिवरलेल्या वारकऱ्याला कुणी हसत नाही. १६७० साली सिंहगडावर तानाजी पडले, तेव्हा शिवाजीमहाराजांच्या मुखी लोकांनी जे उद्गार घातले, ते आज मुले अंगरख्यावर छापून मिरवतात. पण ते उद्गार विजयाचे नसून मित्र गेल्याच्या शोकाचे आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

गीतेचेच पाहा. रणांगणावर अर्जुनाचे डोळे अश्रूंनी भरले. श्रीकृष्णाने प्रथम त्याच्या दुबळेपणाचा कडक शब्दांत निषेध केला, हे खरे. मात्र दोन शब्द ऐकवून तो रथातून उतरून गेला नाही. अठरा अध्याय आणि सातशे श्लोक एवढा तो अर्जुनाजवळ थांबला, त्याच्या शंका ऐकल्या, आणि शेवटी 'तुझा मोह गेला का' असे त्याला विचारले. आपण निषेधाचा तो एक श्लोक उचलला आणि पुढचा सारा संवाद सोडून दिला.

मग हा कठोरपणा आला कोठून? त्याची कारणे अनेक आहेत, आणि त्यांतील काहींविषयी आदरच बाळगला पाहिजे. आपला भाग कष्टकऱ्यांचा. निपाणी परिसरात तंबाखूचे पीक, वखारी आणि विड्यांचे कारखाने ह्यांवर कित्येक पिढ्या जगल्या. निपाणीत पिठाची गिरणी चालवीत ज्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या, त्या महादेव मोरे ह्यांनी हे श्रमिकांचे जग मराठीत आणले. अशा जगात बापाला सावकारापुढे आणि व्यापाऱ्यापुढे डोळ्यांत पाणी आणणे परवडत नाही; तीच सवय तो घरी घेऊन येतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने भरतीसाठी धावणारी मुले आपण सारेच पाहतो. सैनिकाने रणात भय आवरलेच पाहिजे. तो त्याच्या कर्तव्याचा भाग आहे. पण चौदा वर्षांचा मुलगा रणात उभा नसतो, तो आईजवळ स्वयंपाकघरात उभा असतो. तालमीचेही तसेच. राजर्षी शाहूमहाराजांनी कोल्हापुरास कुस्तीची पंढरी केली आणि १९१२ साली खासबागेचे मैदान बांधले. त्याचे संस्कार आपल्यापर्यंत आले. परंतु जाणता वस्ताद कुस्ती हरलेल्या पोराला जवळ घेतो, त्याचे अंग रगडून देतो, 'पुढच्या वेळी काढू' म्हणतो. तालमीतील हा मायेचा हात आपण विसरलो आणि शड्डू तेवढा लक्षात ठेवला.

ह्यात आणखी एक आपल्या भागापुरते कारण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून येथील मराठी माणसाच्या मनात एक सल आहे. सीमाप्रश्नाच्या गुणदोषांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. मला फक्त एवढेच नोंदवायचे आहे की, ह्या सलाची जी भाषा आमच्या मुलांना मिळाली ती बहुतांशी घोषणांची होती. एखाद्या कचेरीच्या खिडकीपाशी कन्नड न आल्यामुळे ओशाळलेला मुलगा घरी येऊन 'मला लाज वाटली' असे म्हणत नाही. ते म्हणण्याची सोय नसते. तो मुठी आवळतो. आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे, मराठी न आल्यामुळे ओशाळलेला कन्नड मुलगाही नेमके तेच करतो.

वास्तविक बेळगावच्या मातीत ह्याहून वेगळे नमुने आहेत. पु. ल. देशपांडे येथील राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ अध्यापक होते. त्यांच्या 'गणगोत'मधील बेळगावचे रावसाहेब सर्वांना ठाऊक आहेत. जिभेने शिवराळ आणि काळजाने हळवा असा हा गृहस्थ मराठी वाचकांनी डोक्यावर घेतला, आणि त्याच्या हळवेपणामुळे तो कुणास कमी मर्द वाटला नाही. ह्याच गावात राहून इंदिरा संतांनी पतिवियोगाचे दुःख अत्यंत संयत शब्दांत मांडले. आमच्या मुलांनी त्यांच्या कविता परीक्षेसाठी पाठ केल्या. परंतु 'तुझ्याही मनात असे काही दाटून येते का', असे त्यांना क्वचितच कुणी विचारले असेल.

आता परिणामांकडे वळू. ज्या भावनेला शब्द मिळत नाही, ती नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या वाटेने बाहेर पडते. मुलाला एकच वाट खुली असते, ती रागाची. म्हणून त्याचे भय रागाच्या रूपाने दिसते, लाज रागाच्या रूपाने दिसते आणि शोकही रागाच्याच रूपाने दिसतो. शिक्षक आणि पालक त्या रागाला शिक्षा करतात. मूळ कारण तसेच राहते. कुणी गप्प होतो, कुणाचे पोट वारंवार दुखते, कुणी गुटख्याच्या पुडीत किंवा दुचाकीच्या वेगात विसावा शोधतो. मोबाइलवर दंडाचे आणि दराऱ्याचे प्रदर्शन करणाऱ्या चित्रफिती अहोरात्र त्याच्यापुढे असतात. पूर्वी गल्लीपुरता असलेला पहारा आता उशाशी आला आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या, आणि त्यांतील शंभरात सुमारे बहात्तर पुरुष होते. ह्याची कारणे कर्ज, आजार, व्यसन, घरगुती कलह अशी अनेक आहेत, आणि स्त्रियांची दुःखे कमी आहेत असा ह्याचा अर्थ कुणी काढू नये. तथापि, वेळीच मदत न मागण्याची सवय ह्या आकड्यामागील कारणांपैकी एक आहे, असे ह्या विषयाचे अभ्यासक सांगतात. आणि ती सवय चाळिसाव्या वर्षी लागत नाही, ती शाळेच्या वयात लागते. २०१८ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने मुलगे आणि पुरुष ह्यांच्यावर उपचार करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत भावना दडपण्याच्या शिकवणुकीचे धोके दाखवले आहेत. पुरुषांच्या गुणांवरच हा हल्ला आहे, अशी टीका त्यांवर झाली. त्या टीकेतही तथ्याचा अंश आहे, कारण सहनशीलता आणि जबाबदारी हे गुणच आहेत. प्रश्न आहे तो हे गुण मुलाला मुका न करता शिकवता येतील का, हा.

ह्या प्रश्नाचे उत्तर मला साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये सापडते. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलेले हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्याला रडके म्हणून नाक मुरडण्याची चाल साहित्याच्या वर्गांतून बराच काळ होती, आणि तरुणपणी मीही त्यात सामील होतो. पुन्हा वाचताना पोहण्याची गोष्ट वेगळी दिसली. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला मार देऊन विहिरीवर धाडते. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणावे, हे तिला सोसत नाही. श्याम पाण्यात पडतो आणि भय सुटते. येथवरची आई आपल्या ओळखीची आहे. पण नंतर तीच आई त्याला जवळ घेऊन, आपण का मारले ते सांगते, आणि तिचेही मन भरून येते. धैर्य तिने शिकवलेच. परंतु त्याची किंमत म्हणून मुलाशी असलेले बोलणे तोडले नाही.

ज्या लेखकाला आम्ही हळवा म्हणून हसलो, त्याने अमळनेरच्या छात्रालयात मुलांची आईच्या मायेने सेवा केली, वारंवार कारावास सोसला, आणि १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले व्हावे म्हणून पंढरपुरास दहा दिवस उपोषण केले. अश्रू आणि निर्धार एका माणसात सुखाने नांदू शकतात, ह्याला आणखी पुरावा कशाला? मात्र पुढची गोष्टही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. त्याच्या कारणांचा तर्क मी करणार नाही. एवढे मात्र त्यावरून समजावे की, अश्रू हे काही रामबाण औषध नव्हे. मुलाला रडता आले म्हणजे सारे झाले, असे नाही. त्याचे ऐकणारे माणूस जवळ हवे, आणि गरज पडल्यास वैद्यकीय मदतही हवी.

मग आपण करावे काय? पहिली गोष्ट, वर्गात किंवा पाहुण्यांसमोर मुलाच्या रडण्याची थट्टा करू नये. दुसरी, त्याला समोर बसवून 'बोल, काय झाले' अशी उलटतपासणी घेऊ नये. ह्या वयाची मुले कामाच्या ओघात, नजर दुसरीकडे असताना अधिक बोलतात. तिसरी, त्याने विश्वासाने सांगितलेले चारचौघांत उघडे करू नये. पण जिवाला धोका दिसत असेल, तर गुप्तता न पाळता घरच्यांना कळवावे. चौथी, वडिलांनी वर्षातून एकदा तरी मुलाला आपल्या भीतीची किंवा अपयशाची एखादी गोष्ट सांगावी. बापालाही भय वाटते हे कळल्याने मुलगा भित्रा होत नाही, तो निर्धास्त होतो. पाचवी, मराठीच्या तासाला 'काळजात चर्र होणे'चा वाक्यात उपयोग करून घेताना, तो उपयोग मुलाच्या स्वतःच्या अनुभवातून यावा असे पाहावे. भाषेच्या शिक्षकाइतकी ही संधी दुसऱ्या कुणासही नाही.

अशा कामाचे नमुने आपल्याकडे आहेत. मुंबईत १९९३ साली पुरुषांनीच 'मावा' ही संस्था काढली. तिचा 'पुरुष स्पंदनं' हा दिवाळी अंक पुरुषांना स्वतःविषयी लिहिते करीत आला. मुंबईच्या महापालिका शाळांतून २००८ पासून सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी समानतेचा एक उपक्रम राबवला गेला. मुलगा झोपेनासा झाला, जेवेनासा झाला, मित्रांपासून तुटला, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर ते थट्टेवारी नेऊ नये. धारवाड येथे मानसिक आरोग्याची मोठी शासकीय संस्था आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनीने सल्ला देते. हाड मोडले तर आपण डॉक्टरकडे जाण्यास लाजत नाही, तसेच हे.

आता गुरुजींकडे येतो. मी त्या मुलाला मारले, तेव्हा छडी मिळणार हे मी धरून चाललो होतो. गुरुजींनी सांगितले, "शाळा सुटल्यावर थांब, ग्रंथालयातल्या पुस्तकांना क्रमांक चिकटवायचे आहेत." दोन दिवस आम्ही दोघे खळ लावून चिठ्ठ्या चिकटवीत राहिलो. मारामारीचा उल्लेखही त्यांनी केला नाही. तिसऱ्या दिवशी, हातातल्या पुस्तकावरची नजर न काढता त्यांनी विचारले, "आबा तुला घरी काय म्हणून हाक मारायचे रे?" ते नाव आबांखेरीज कुणी घेत नसे. ते उच्चारताना माझा आवाज फुटला, आणि दीड महिन्याचे रडू एकदम आले. गुरुजी उठले नाहीत, उपदेश केला नाही, गप्पही केले नाही. माझ्या वाटणीच्या चिठ्ठ्याही तेच चिकटवीत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ज्याला मारलंस, त्याला हे सांगून ये. दौतीचं काय एवढं चुकलं, ते त्या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही." मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितले. तो मुलगा पुढे माझा जन्माचा मित्र झाला.

घरचा कर्ता मी त्यानंतरही होतोच. आईला आधार दिला, धाकट्या भावंडांची शिक्षणे केली. त्या संध्याकाळच्या रडण्याने त्यात काही उणे पडले नाही. उलट ते निभावण्याचे बळ मला तेथेच मिळाले, असे आता मागे वळून पाहताना वाटते. ह्या शाळेत आज जे मुलगे आहेत, त्यांतील एखाद्याच्या ओठांवरही कदाचित असेच काही अडून राहिले असेल. त्याच्याजवळ बसून पुस्तकांना क्रमांक चिकटवणारे कुणीतरी येथे असावे, हीच गुरुजींच्या स्मृतीची खरी जपणूक ठरेल.